पंधरा वॅटांचा वारसा

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आमच्या पुतण्याने प्लायवुडचा एक बंद खोका ठोकला, त्यात बारा इंची स्पीकर बसविला आणि मला विचारले, "काका, याला ॲम्प्लिफायर कोणता लावू?" नुसता खर्ज वाजविणाऱ्या असल्या खोक्याला सबवूफर म्हणतात. मी तत्काळ माळ्याकडे बोट दाखविले. तिथे वडिलांनी स्वतःच्या हातांनी जोडलेला व्हॉल्व्हचा 'विल्यमसन' जुन्या धोतरात गुंडाळून ठेवलेला होता.

विल्यमसनने आपली जोडणी १९४७ साली 'वायरलेस वर्ल्ड' या इंग्रजी मासिकात छापली आणि देशोदेशींच्या हौशी मंडळींनी ती घरी बसून जोडली. ताकद पंधरा वॅट. हा आकडा ऐकून आजची पोरे हसतात. पण त्या काळी खर्जासाठी स्पीकरचे खोके कपाटाएवढे करीत; सिनेमागृहांतले कर्णे तर त्याहून अवाढव्य. थोडक्या वॅटांत ते शेकडो प्रेक्षकांना ऐकवीत. वॅट महाग आणि लाकूड स्वस्त, असा तो जमाना!

हा हिशेब अमेरिकेत एडगर विल्चरने १९५४ साली फिरविला. स्पीकरचा पडदा त्याने सैल ठेवला आणि बंद खोक्यात कोंडलेल्या हवेकडूनच स्प्रिंगचे काम करून घेतले. लहान खोक्यातून खोल खर्ज निघू लागला. पण तेवढ्याच आवाजाला वॅट मात्र कितीतरी जास्त लागू लागले. ही उधारी पुढे ट्रान्झिस्टरने फेडली. माझा विल्यमसन त्याच्या आधीचा, हे मी सोयीस्करपणे विसरलो होतो.

पुतण्याने कागद पुढे केला. आमच्या खोक्याची स्वाभाविक कंपने सेकंदाला ६०. तिथून एक सप्तक खाली उतरले, की तेवढाच आवाज काढायला पडद्याला चौपट हलावे लागते आणि चौपट हालचालीला सोळापट वॅट. म्हणजे ६० कंपनांना दहा वॅट लागत असतील, तर ३० ला एकशे साठ!

"कागद राहू दे, वाजवून बघू," मी म्हणालो. (वडिलांची बाजू कोणीतरी घ्यायलाच हवी होती.) कंडेन्सर बदलले, विल्यमसन तापविला. डग्ग्याचा घुमारा सुरेख निघाला. पण चर्चमधल्या ऑर्गनचा, सेकंदाला सुमारे ३३ कंपनांचा स्वर आला आणि खोका खोकू लागला. वॅट तर संपले होतेच; शिवाय स्वर निम्म्यावर उतरला, की तेवढ्याच दाबाला ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडाला दुप्पट चुंबकत्व पेलावे लागते. मी मुकाट्याने बटण बंद केले.

अखेर चार ओहमच्या स्पीकरला झेपेल असा अडीचशे वॅटांचा डी वर्गाचा ॲम्प्लिफायर आला. त्यातले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद राहतात, म्हणून तापतात थोडे. त्याचे सारे वजन वडिलांच्या एका ट्रान्सफॉर्मरएवढेही नाही! दोन दिवस मी घुश्शात होतो. तिसऱ्या दिवशी पुतण्यानेच तोडगा काढला: ८० कंपनांच्या खालचे सगळे नव्याकडे, वरचे गाणे विल्यमसनकडे.

व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढा वेळ पुतण्या थांबतो.