जादा मीटर, जुन्या वाहनांतील

जुनी जीप, मोटारगाडी किंवा डिझेल टॅक्सी यांच्या डॅशबोर्डवर कारखान्यातून आलेल्या काट्यांखेरीज बाजारातून आणून बसवलेली दर्शक उपकरणे. पाण्याचे तापमान, ऑइलचा दाब आणि व्होल्ट दाखवणारी उपकरणे यांत नेहमीची असतात. टर्बो इंजिनाला बूस्टचा मीटरही जोडतात. जुन्या गाड्यांत यांपैकी बऱ्याच गोष्टींसाठी फक्त तांबडा दिवा असतो. ऑइलचा दाब जवळजवळ संपला की तो पेटतो, पण दाब घसरत चालला आहे हे त्याला सांगता येत नाही. काट्यावर मात्र घसरण होत असतानाच दिसते, आणि जादा मीटरचा सगळा उपयोग एवढ्याच फरकात आहे.

छत्रपती संभाजीनगर व आसपासच्या तालुक्यांत या जोडणीला हवामानाचे आणि रस्त्याचे कारण आहे. मे महिन्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. धुळ्याकडे जाताना कन्नडचा औट्रम घाट लागतो, जळगावच्या वाटेवर अजिंठ्याचा घाट आणि खुलताबादच्या बाजूने म्हैसमाळचा चढ. १९८५ पासून बजाजचा वाळूज कारखाना आणि त्याच्याभोवती वाढलेले सुटे भागांचे उद्योग यांमुळे हे शहर वाहन उद्योगाचे केंद्र म्हणून ओळखले जाते, पण खेड्यापाड्यांतली माणसे शहरात आणली ती बरीचशी काळ्या-पिवळ्या जीपांनी. महिंद्राने विलीज जीपची जुळणी १९४७ मध्ये सुरू केली. पुढच्या डिझेल जीपांत पूजो बनावटीचे एक्सडीपी ४.९० हे २,११२ घन सेंटिमीटरचे इंजिन आले. भरल्या गाडीने, कमी गिअरमध्ये, कडक उन्हात घाट चढणाऱ्या अशा इंजिनाचा पहिला शत्रू उष्णता. म्हणून एकच जादा मीटर घ्यायचा असेल तर तो तापमानाचा घ्यावा.

विद्युत तापमान मीटरचा सेंडर, म्हणजे तापमान टिपणारा भाग, इंजिनाच्या पाण्यात बुडालेला असतो. त्यातला थर्मिस्टर तापला की रोध कमी होतो, सर्किटमधून जास्त प्रवाह वाहतो आणि काटा वर चढतो. सेंडरची वायर कुठे तुटली तर काटा थंडावरच पडून राहतो, आणि ती बॉडीला घासून शॉर्ट झाली तर एकदम टोकाला जाऊन भिडतो. या दोन खुणा ओळखता आल्या तर निम्मा दोष जागेवरच सापडतो. एक धोका मात्र चालकाला सांगितलाच पाहिजे. रेडिएटर फुटून पाणी निघून गेले की सेंडर वाफेत किंवा हवेत उघडा पडतो आणि इंजिन जळत असताना काटा खाली येऊ शकतो. तापलेल्या गाडीचा काटा कारण नसताना झपकन उतरला तर गाडी तिथेच बंद करावी.

ऑइलच्या दाबाचे मीटर दोन जातींचे. यांत्रिक मीटरमध्ये इंजिनाचे ऑइल बारीक नळीने थेट मीटरपर्यंत येते आणि आतली वाकडी पोकळ नळी दाबाने सरळ होऊ पाहते. ही रचना फ्रान्सच्या युजीन बूरदाँ यांनी १८४९ मध्ये शोधली. हा मीटर विजेवर अवलंबून नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की नळी घासून फुटली तर गरम ऑइल चालकाच्या पायांवर येते. तांब्याची नळी थरथरीने कडक होऊन तडकते, म्हणून इंजिनाजवळ तिला एक सैल वेटोळे देतात. विद्युत मीटरमध्ये केबिनपर्यंत फक्त वायर येते. जुन्या गाडीत रोजच्या वापरासाठी तोच बरा. तांबडा दिवा पेटवणारा मूळ ऑइल स्विच काढून त्या जागी सेंडर बसवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण ती चुकीची आहे. टी-जॉइंट लावून स्विच आणि सेंडर दोन्ही ठेवावेत, कारण काट्याकडे बघायचे राहिले तरी तांबडा दिवा नजरेत भरतो. काही मीटरांवर दाब पौंडांत असतो, काहींवर किलोत. दर चौरस सेंटिमीटरला १ किलो म्हणजे दर चौरस इंचाला सुमारे १४ पौंड.

सेंडर आणि मीटर एकाच जोडीचे हवेत. एका प्रचलित युरोपीय मापात शून्य दाबाला सुमारे १० ओहम रोध असतो आणि दाबाबरोबर तो वाढत १८० च्या आसपास जातो. अमेरिकी मापात उलटा क्रम आहे: शून्याला २४०, पूर्ण दाबाला ३३. एकाचा सेंडर दुसऱ्याच्या मीटरला लावला तर काटा हलतो, पण जे दाखवतो ते खोटे असते. भंगारातून सुटा मीटर उचलणाऱ्यांची फसगत बहुतेक इथेच होते.

जुन्या जीपांत अँपिअर मीटर असायचा. स्टार्टरखेरीज गाडीचा सगळा प्रवाह जाड वायरींतून डॅशबोर्डपर्यंत येऊन त्यातून परत जातो. डायनामोच्या काळात ते चालून गेले. मोठा अल्टरनेटर आणि जादा दिवे लावल्यावर त्या मीटरचे नट तापतात आणि वायर जळण्याचा धोका राहतो. त्याऐवजी चावीनंतरची वायर आणि अर्थ यांच्यामध्ये व्होल्टमीटर जोडावा. १२ व्होल्टच्या गाडीत इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि चार्जिंग होताना १३.८ ते १४.४. डिझेलचे हीटर प्लग चालू असताना काटा खाली येतो, तो दोष नव्हे.

गाडी किती व्होल्टची आहे हे वायरीला हात लावण्याआधी पाहावे. युद्धकाळातली विलीज ६ व्होल्टची होती, तर काही लष्करी जीपा २४ व्होल्टच्या. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या मोटारींत बॅटरीचे धन टोक बॉडीला असते. तिथे नवा इलेक्ट्रॉनिक मीटर उलटा जोडला की जळतो.

जोडणीची सुरुवात बॅटरीची अर्थ वायर सोडून करतात. मीटरचा पुरवठा चावीनंतरच्या वायरवरून, २ ते ३ अँपिअरच्या स्वतंत्र फ्यूजमधून घ्यावा. मीटरच्या दिव्याचा साइड लाइटच्या वायरवरून. प्रवाह थोडा असल्याने १ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. वायर सोलून पीळ देऊन वर टेप गुंडाळण्याची सवय सोडून दाबून बसवलेले थिंबल आणि स्लीव्ह वापराव्यात. पत्र्यातून वायर नेताना भोकाला रबरी ग्रोमेट हवाच. सगळ्यांत दुर्लक्षित राहतो तो अर्थ. सगळे मीटर एका वायरने चासीच्या खरवडून साफ केलेल्या जागी जोडावेत. एकवायरी सेंडरचा अर्थ त्याच्या आट्यांतूनच होतो, म्हणून आट्यांवर टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली तर काटा चुकतो. हेडलाइट लावताच सगळे काटे एकदम हलले तर बिघाड मीटरमध्ये नसून बहुधा अर्थमध्ये आहे.

तापमान मीटर बसवण्याआधी तपासणे सोपे. सेंडरचे टोक उकळत्या पाण्यात धरून त्याची बॉडी वायरने अर्थ करावी. संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५७० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे उघडे पाणी १०० ऐवजी सुमारे ९८ अंशांना उकळते. काट्याने तेवढेच दाखवले पाहिजे.

मूळ डॅशबोर्डला भोके पाडू नयेत. पत्र्याची वेगळी पट्टी खाली बसवली तर गाडी पुढे मूळ रूपात आणता येते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलांना छेद देणारा बदल करता येत नाही. इंजिन, इंधन, आसनसंख्या हे तपशील मीटरने बदलत नाहीत. स्पीडोमीटर मात्र नियमानुसार चालू असावाच लागतो. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांनी संपते आणि पुढे दर ५ वर्षांनी तपासणी होऊन नूतनीकरण होते, तेव्हा जादा मीटर बसवताना स्पीडोमीटरची केबल ओढली किंवा दुमडली गेलेली नाही हे पाहून ठेवावे.