किर्लोस्कर मंडळीतली फूट

सुरतेचे नाव निघाले की मराठी माणसास इतिहासातली दोन प्रकरणे हटकून आठवतात. एक शिवछत्रपतींच्या स्वाऱ्या, आणि दुसरे 1907 च्या डिसेंबरात येथे भरलेले काँग्रेसचे अधिवेशन. जोडा फेकला गेला, खुर्च्या उडाल्या, आणि नेमस्त व जहाल जे वेगळे झाले ते 1916 साली लखनौस पुन्हा एकत्र बसले. त्या फुटीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. श्रोतेहो, मला आज बोलायचे आहे ते तिच्यानंतर सहाच वर्षांनी झालेल्या दुसऱ्या एका फुटीविषयी. 1913 साली बालगंधर्व किर्लोस्कर नाटक मंडळी सोडून बाहेर पडले.

या मंडळीच्या जन्माचा धागा गुजरातेशीही जुळतो. सुरत-नवसारीकडून मुंबईस जाऊन स्थायिक झालेल्या पारशी समाजाने गाण्याबजावण्याची, झगमगत्या पडद्यांची नाटके उभी केली होती. अशाच एका पारशी मंडळीचा ‘इंद्रसभे’चा प्रयोग पाहून, मराठीत असे का होऊ नये, हे अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनाने घेतले, असे सांगतात. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्याच्या आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक झाले. दुष्यंत मोरोबा वाघोलीकर, शकुंतला शंकरराव मुजुमदार, शिवाय बाळकोबा नाटेकरांचा कसलेला गळा, आणि सूत्रधार स्वतः अण्णासाहेब. ही पहिली फळी.

तिच्यात पहिला मोठा बदल झाला तो बडोद्याच्या एका तरुणामुळे. भाऊराव कोल्हटकर आले आणि स्त्रीभूमिका त्यांच्याकडे गेल्या. 1882 च्या ‘सौभद्रा’त सुभद्रा तेच. मुजुमदारांचे मात्र मला नेहमी कौतुक वाटते. रंगमंचावरील जागा दुसऱ्यास मिळाली तरी हा गृहस्थ मंडळीतच राहिला आणि पुढे तिचा कारभारी झाला. नटमंडळींत हा गुण फारसा आढळत नाही.

2 नोव्हेंबर 1885 रोजी अण्णासाहेब वारले. ‘रामराज्यवियोग’ अपुरेच राहिले. नाटककार, शिक्षक आणि सूत्रधार एकाच दिवशी गेला, तरी मंडळी मोडली नाही. गोविंद बल्लाळ देवलांची लेखणी हाताशी होती. 1899 साली ‘शारदा’ रंगभूमीवर आली. 1901 च्या फेब्रुवारीत भाऊराव गेले. तेव्हाही लोकांनी मंडळी संपली असेच म्हटले असेल. परंतु नानासाहेब जोगळेकरांनी नायकाची बाजू सांभाळली, आणि 1905 साली मिरजेस नारायण राजहंस शकुंतलेच्या वेषात उभे राहिले. हेच बालगंधर्व.

12 मार्च 1911 रोजी मुंबईस खाडिलकरांच्या ‘मानापमाना’चा पहिला प्रयोग झाला. चाली गोविंदराव टेंब्यांच्या, धैर्यधर जोगळेकर, भामिनी नारायणराव. त्याच दिवशी नारायणरावांची मुलगी वारली होती, तरीही प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला. वर्ष सरण्यापूर्वी जोगळेकरही गेले. त्यांच्या जागी टेंबे स्वतः तोंडाला रंग लावून उभे राहिले, आणि पुन्हा एकदा मंडळी तरली.

म्हणजे तीस वर्षांत तीन मृत्यू मंडळीने पचविले. पचला नाही तो जिवंत माणसांचा वियोग. जोगळेकरांच्या पश्चात मालकी मुजुमदारांच्या हाती राहिली; तिकिटाच्या खिडकीशी गर्दी मात्र नारायणरावांसाठी होई. नाव एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, असे झाल्यावर मंडळी कोणाची म्हणावयाची? 1913 साली नारायणराव, टेंबे आणि गणपतराव बोडस यांनी गंधर्व नाटक मंडळी काढून आपल्यापुरते उत्तर दिले. माझ्या मते दोष एका बाजूचा नव्हता. मुजुमदारांनी मंडळी टिकविली होती आणि नारायणरावांनी ती भरभराटीस आणली होती. दोघांनाही ती आपलीच वाटावी यात नवल काय?

नव्या मंडळीचीही गत निराळी झाली नाही. दोनच वर्षांनी टेंबे तेथूनही बाहेर पडले आणि त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. ‘स्वयंवर’ (1916) आणि ‘एकच प्याला’ (1919) हे गंधर्व मंडळीचे वैभव त्यानंतरचे.

इकडे किर्लोस्कर मंडळीस गोमंतकातला दीनानाथ मंगेशकर नावाचा किशोर गवसला, आणि जुन्या नावाला नवा गळा मिळाला. पण 1918 साली दीनानाथही सोबत्यांसह बाहेर पडले व बळवंत संगीत मंडळी निघाली. या खेपेस मात्र जागा भरून काढील असा कोणी सापडला नाही. मंडळी पुढे बरीच वर्षे चालली. पण लोक आता गंधर्वांकडे नाहीतर बळवंतकडे जात.

मग बोलपट आला. 1934 साली दीनानाथांच्या मंडळीनेच ‘कृष्णार्जुन युद्ध’ हा चित्रपट काढला. पुण्यास किर्लोस्कर मंडळीने हौसेने बांधलेल्या नाट्यगृहातही पुढे चित्रपटच लागू लागले.