मद्यपान, सदसद्विवेक आणि चर्चचा नियम : अमेरिकन प्रेस्बिटेरियन परंपरेतील एक वाद (१८२६–१९३७)

प्रस्तावना

ख्रिस्ती धर्म मद्यपानाला अनुमती देतो की त्याचा निषेध करतो, हा प्रश्न वरवर पाहता सोपा वाटतो. परंतु ख्रिस्ती इतिहासात त्याला सर्वमान्य उत्तर मिळालेले नाही. मद्याने धुंद होणे हे पाप आहे, याविषयी प्रमुख पंथांत दुमत नाही. वाद आहे तो संयमित सेवनाविषयी, आणि त्याहीपेक्षा त्याविषयीचा निर्णय कोणी करावा याविषयी. शास्त्रात स्पष्टपणे निषिद्ध नसलेली गोष्ट चर्चला पाप ठरविता येते काय? की तो निर्णय व्यक्तीच्या सदसद्विवेकबुद्धीवर सोपवावा? अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे गाजत राहिला. प्रस्तुत लेखात या वादाचा परामर्श घेतला आहे.

शास्त्रवचने आणि धर्मसुधारणेचा वारसा

नव्या करारातील उल्लेख एकाच दिशेचे नाहीत. गालीलातील काना गावी लग्नप्रसंगी येशूने पाण्याचा द्राक्षारस केल्याची कथा योहानाच्या शुभवर्तमानात आहे. पौलाच्या नावे असलेल्या पत्रांपैकी तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पोटाच्या विकारासाठी थोडा द्राक्षारस घेण्याचा सल्ला आहे, तर इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात धुंद होण्याचा निषेध आहे. या वादाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा ठरतो तो रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय. रोम येथील मंडळीत काही जण मांस वर्ज्य मानीत, काही मानीत नसत. पौलाने दोघांनाही समज दिली. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये. मात्र आपल्या खाण्यापिण्याने एखादा बंधू अडखळणार असेल, तर मांस आणि द्राक्षारस यांपासून दूर राहणेच बरे, असेही त्याने सांगितले. हा त्याग प्रेमापोटी केलेला आहे. त्यात वस्तूला अपवित्र ठरविलेले नाही.

सोळाव्या शतकात जॉन कॅल्व्हिन याने हाच धागा पुढे नेला. आपल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या ग्रंथात ख्रिस्ती स्वातंत्र्याची चर्चा करताना तो दाखवितो की, ज्याच्या मनात गोड द्राक्षारसाविषयी शंका शिरली त्याला पुढे साध्या द्राक्षारसाविषयीही शंका येईल, आणि अखेरीस थोडे अधिक स्वच्छ पाणी पिण्याचेही त्याला धैर्य होणार नाही. शंकेला अंत नसतो, हे त्याचे सांगणे होते. १६४६ मध्ये सिद्ध झालेल्या वेस्टमिन्स्टर श्रद्धाप्रकटनाच्या विसाव्या अध्यायात सदसद्विवेकबुद्धीवर केवळ ईश्वराचीच सत्ता असल्याचे प्रतिपादन आहे. अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने हाच दस्तऐवज आपला मानदंड मानला होता.

मद्यसंयमाकडून मद्यत्यागाकडे

एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी अमेरिकेतील मद्यपानाचे प्रमाण भयावह होते. इतिहासकार डब्ल्यू. जे. रोराबॉ यांच्या अंदाजानुसार १८३० च्या सुमारास पंधरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीमागे वर्षाला सुमारे ७ गॅलन शुद्ध अल्कोहोल प्राशन केले जात होते. डॉ. बेंजामिन रश यांनी १७८४ मध्येच तीव्र मद्याच्या शारीरिक दुष्परिणामांकडे लक्ष वेधले होते. लायमन बीचर यांच्या प्रवचनांनी या विषयाला धार्मिक धार आली आणि १८२६ मध्ये बोस्टन येथे अमेरिकन टेंपरन्स सोसायटीची स्थापना झाली. आरंभी चळवळीचा रोख केवळ ऊर्ध्वपातित मद्यावर होता; बिअर व वाइन यांना मुभा होती. दहा वर्षांतच, १८३६ मध्ये, राष्ट्रीय संघटनेने सर्व प्रकारच्या मद्याच्या संपूर्ण त्यागाची प्रतिज्ञा स्वीकारली.

या बदलामागील सामाजिक वास्तव दुर्लक्षून चालणार नाही. विवाहित स्त्रीची मिळकत व मालमत्ता यांवर त्या काळी बहुतांशी पतीचाच कायदेशीर अधिकार असे. मद्यपी पतीच्या कुटुंबात मद्य हा उपासमारीचा व मारहाणीचा प्रश्न होता. १८७४ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स ख्रिश्चन टेंपरन्स युनियन या संघटनेला जो प्रचंड प्रतिसाद मिळाला, त्याचे मूळ येथे आहे. १८८६ ते १८८८ या काळात अमेरिकेत असलेल्या पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ या ग्रंथात या संघटनेच्या कार्याची दखल घेतली आहे. मद्यबंदीच्या पुरस्कर्त्यांना केवळ कर्मठ म्हणणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल.

तथापि प्रतिज्ञेचे रूपांतर श्रद्धेच्या कसोटीत होऊ लागले, तेव्हा अडचण निर्माण झाली. स्पर्श करू नये, चव घेऊ नये, हाताळू नये या आशयाचे कलस्सैकरांस पत्रातील शब्द चळवळीचे घोषवाक्य बनले. मूळ पत्रात मात्र पौलाने हे शब्द मानवी नियमांचे उदाहरण म्हणून दिले असून अशा नियमांना बळी पडू नये, असाच त्याचा उपदेश आहे. ज्या वचनाने नियमनिष्ठेचा निषेध केला, तेच वचन नियमाचा आधार म्हणून वापरले गेले.

प्रभुभोजनातील द्राक्षारस

संपूर्ण त्यागाचा आग्रह प्रभुभोजनाच्या विधीपर्यंत पोहोचणे अपरिहार्य होते. मद्य हे मुळातच पाप असेल, तर ख्रिस्ताने ते शिष्यांना दिले कसे? यावर एलिफालेट नॉट, मोझेस स्टुअर्ट आदी विद्वानांनी बायबलमध्ये आंबवलेला व न आंबवलेला असे दोन प्रकारचे द्राक्षारस असून प्रशंसा दुसऱ्याचीच आहे, अशा आशयाची मांडणी केली. मराठी बायबलच्या वाचकाला या वादाची तीव्रता सहजासहजी जाणवत नाही, कारण ‘द्राक्षारस’ या मराठी शब्दात दोन्ही अर्थ सामावतात.

प्रिन्स्टन येथील प्राध्यापक जॉन मॅक्लीन यांनी १८४१ मध्ये या मतावर विस्तृत टीका केली. या मताविरुद्धचे आक्षेप सबळ होते. द्राक्षांचा हंगाम उन्हाळ्याच्या अखेरीस, तर वल्हांडण वसंतात. उष्ण प्रदेशात इतके महिने रस न आंबता टिकविणे अवघड होते. शिवाय करिंथ येथील मंडळीत प्रभुभोजनाच्या वेळी काही जण धुंद होत, असे पौलानेच लिहिले आहे. व्यवहारात मात्र प्रश्न वेगळ्याच मार्गाने सुटला. १८६९ मध्ये न्यू जर्सीतील दंतवैद्य व मेथडिस्ट गृहस्थ थॉमस वेल्च यांनी पाश्चरच्या पद्धतीने द्राक्षांचा रस न आंबता टिकविला आणि पुढे अनेक प्रोटेस्टंट चर्चमध्ये तोच रूढ झाला.

मेचेन प्रकरण आणि १९३७ ची फूट

संविधानाच्या अठराव्या दुरुस्तीने जानेवारी १९२० पासून अमेरिकेत मद्यबंदी लागू झाली. एप्रिल १९२६ मध्ये न्यू ब्रन्सविक प्रेस्बिटरीत या दुरुस्तीला पाठिंबा देणारा ठराव आला असता प्रिन्स्टन धर्मविद्यालयातील प्राध्यापक जे. ग्रेशम मेचेन यांनी विरोधी मत दिले. अशा राजकीय प्रश्नावर चर्चने संस्था म्हणून भूमिका घेऊ नये, अशी त्यांची धारणा होती. त्यांनी मद्यपानाचा पुरस्कार केला नव्हता. तरीही त्या एका मताचा वापर त्यांच्याविरुद्ध झाला आणि नीतिशास्त्राचा समावेश असलेल्या अध्यासनावरील त्यांची नियुक्ती त्या वर्षीच्या साधारण सभेने लांबणीवर टाकली.

१९३३ मध्ये मद्यबंदी रद्द झाली; वाद मात्र संपला नाही. १९३६ मध्ये मेचेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी नवे चर्च स्थापन केले. १ जानेवारी १९३७ रोजी मेचेन यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या साधारण सभेपुढे संपूर्ण मद्यत्यागाचा पुरस्कार करण्याची मागणी आली. वेस्टमिन्स्टर मानदंडांत या विषयाचे पुरेसे मार्गदर्शन असल्याची भूमिका घेऊन सभेने ती फेटाळली. त्यानंतर कार्ल मॅकिन्टायर यांच्यासह एक गट बाहेर पडला व त्यातून बायबल प्रेस्बिटेरियन चर्च उभे राहिले. फुटीमागे ख्रिस्ताच्या पुनरागमनाविषयीचे मतभेदही होते. तथापि शास्त्रनिष्ठेसाठी एकत्र आलेले लोक वर्षभरातच मद्याच्या प्रश्नावरही दुभंगले, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

समारोप

या वादातील दोन्ही पक्ष मद्याच्या अतिरेकाविरुद्ध होते. मतभेद होता तो त्यागाच्या स्वरूपाविषयी. दुर्बळ बंधूसाठी केलेला त्याग मोलाचा ठरतो, कारण तो करणारा स्वतंत्र असतो. तोच त्याग सदस्यत्वाची अट बनला की त्यातील प्रेम लोपते आणि उरते ती केवळ आज्ञा. परंतु स्वातंत्र्याची ग्वाही देताना मद्यपीच्या घरातील स्त्री व मुले नजरेआड करणाऱ्यालाही पौलाचा आधार मिळत नाही. एका पक्षाने दोषी ठरविण्याचा मोह आवरला नाही, तर दुसऱ्या पक्षापुढे तुच्छ मानण्याचा धोका होता. रोमकरांस पत्राने या दोन्ही वृत्तींना एकाच वेळी मर्यादा घातली होती. त्यांपैकी आपल्या सोयीची तेवढीच मर्यादा स्मरणात ठेवल्यामुळे हा वाद इतका दीर्घकाळ चालला, असे म्हणता येते.