एकच पीडीएफ, निरनिराळे प्रिव्ह्यू : एका वचनाचा इतिहास

१/ एकच पीडीएफ क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत उघडून छापायला घ्या. प्रिंट प्रिव्ह्यूमध्ये समास, अक्षरे वा पानाचा आकार किंचित निराळा दिसू शकतो. वास्तविक हा भेद मिटवण्यासाठीच पीडीएफचा जन्म झाला होता. मग तो परतला कसा? #थ्रेड

२/ १९८२ साली जॉन वॉर्नॉक आणि चार्ल्स गेश्की यांनी अडोबी कंपनी स्थापन केली. पुढे वॉर्नॉक यांनी ‘कॅमलॉट’ प्रकल्प मांडला : कोणत्याही संगणकावरील दस्तऐवज अन्य कोणत्याही संगणकावर जसाच्या तसा पाहता व छापता यावा. त्या वचनातून १९९३ साली पीडीएफ अवतरले.

३/ आरंभी ब्राउझरांना पीडीएफ वाचता येत नसे. त्यासाठी बाहेरचे प्लगइन बसवावे लागे. अनेकांकडे ते अडोबीचेच असे. त्यात गैरसोय होती, सुरक्षेचा धोकाही होता. परंतु वाचणारा एकच असल्याने ब्राउझर बदलला तरी पान सहसा बदलत नसे.

४/ २००८ साली पीडीएफ आयएसओ मानक झाले आणि त्याची सूत्रे एका कंपनीच्या हाती उरली नाहीत. २०१० च्या अखेरीस क्रोमने स्वतःचा वाचक आणला, २०११ मध्ये त्यावर आधारलेला प्रिंट प्रिव्ह्यू. २०१३ मध्ये फायरफॉक्सने जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेला ‘पीडीएफ.जेएस’ स्वीकारला. सफारीची भिस्त ॲपलच्या स्वतःच्या यंत्रणेवर. ग्रंथ एकच, भाष्यकार तीन!

५/ भेदाचे पहिले कारण फॉन्ट. जुन्या पीडीएफने चौदा फॉन्ट सर्वत्र असतील असे गृहीत धरले होते. त्यांत देवनागरी एकही नव्हता. म्हणून मराठी फॉन्ट फाइलमध्येच अंतर्भूत नसेल, तर प्रत्येक वाचक आपापल्या परीने पर्याय शोधतो आणि जोडाक्षरे विस्कटतात.

६/ दुसरे कारण कागद. ए-४ ची उंची २९७ मिमी, अमेरिकी लेटरची २७९. एखाद्या किल्ल्याचा १:१००० प्रमाणाचा ए-४ नकाशा ‘फिट टू पेज’ करून लेटरवर छापला, तर तो ९४ टक्क्यांच्या आसपास आक्रसतो. शंभर मीटरची तटबंदी मोजताना चौऱ्याण्णव भरते. चूक छपाईची, नोंद मात्र इतिहासात जाते.

७/ म्हणून फाइल करताना फॉन्ट अंतर्भूत करावेत, नकाशावर मोजपट्टी आखावी आणि छापताना ‘ॲक्च्युअल साइझ’ निवडावे. प्रिव्ह्यू म्हणजे मूळ दस्तऐवज नव्हे. ते त्याचे एक वाचन होय. साधनांकडे पाहण्याची हीच दृष्टी इतिहासाच्या अभ्यासकाला शोभते.