लुई आणि झेली मार्तां

लुई मार्तां (२२ ऑगस्ट १८२३ – २९ जुलै १८९४) आणि झेली मार्तां (२३ डिसेंबर १८३१ – २८ ऑगस्ट १८७७) हे फ्रान्समधील नॉर्मंडी प्रांतातील आलांसों या गावी राहणारे कॅथलिक दांपत्य होते. लिझ्यूच्या संत तेरेजाचे हे आईवडील. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी दोघांना एकत्रच संत घोषित केले. रक्तसाक्षी नसलेल्या पतिपत्नींना जोडीने संतपद लाभण्याचा कॅथलिक चर्चच्या इतिहासातील हा पहिला प्रसंग होय.

विवाह

दोघांचीही मूळ इच्छा संन्यस्त जीवनाची होती. लॅटिन येत नसल्यामुळे लुई यांना आल्प्समधील ग्रेट सेंट बर्नार्ड मठात प्रवेश मिळाला नाही. झेली यांनाही धर्मभगिनींच्या संघाने नाकारले. १२ जुलै १८५८ च्या मध्यरात्री आलांसोंच्या नोत्र दाम चर्चमध्ये त्यांचा विवाह झाला. ब्रह्मचर्य हेच श्रेष्ठ या समजुतीने पहिले सुमारे दहा महिने ते भावंडांप्रमाणे राहिले. पुढे एका धर्मगुरूंनी समजावल्यावर त्यांनी अपत्यांचा स्वीकार केला. विवाह हाही पावित्र्याचा पूर्ण मार्ग आहे, हे या भाविक जोडप्यालाही शिकावेच लागले होते.

व्यवसाय आणि घर

लुई घड्याळजी होते. झेली यांचा आलांसों पद्धतीच्या लेसचा स्वतंत्र व्यवसाय होता. कारागीर स्त्रिया आपापल्या घरी लेसचे तुकडे विणून आणीत आणि झेली ते अदृश्य टाक्यांनी सांधीत. व्यवसाय इतका वाढला की १८७० मध्ये लुई यांनी आपले दुकान भाच्याला विकले आणि ते पत्नीच्या कामात हिशेब व मागण्या सांभाळू लागले. पत्नीच्या उद्योगासाठी पतीने स्वतःचा धंदा सोडणे त्या काळी विरळाच. रोज पहाटेची मिस्सा, घरातील सामूहिक प्रार्थना आणि गरिबांना मदत हा त्यांचा नित्यक्रम होता. रविवारी गिऱ्हाईक हमखास मिळत असूनही लुई दुकान उघडीत नसत.

झेली यांची दोनशेहून अधिक पत्रे उपलब्ध आहेत. त्यांत उपदेश थोडा आणि संसार अधिक आहे: रात्री उशिरापर्यंतचे काम, थकवा, मुलींचे हट्ट, भावाच्या औषधी दुकानाची चौकशी.

अपत्ये

त्यांना नऊ अपत्ये झाली. १८६७ ते १८७० या काळात त्यांपैकी चार दगावली. दोन मुलगे वर्षाच्या आतच गेले, एलेन पाच वर्षांची असताना गेली आणि तान्ही मेलानी-तेरेज, अंगावर पाजणाऱ्या बाईच्या हयगयीमुळे, दोन महिन्यांचीही होण्याआधी गेली. मुले इतक्या लवकर जाणार असतील तर ती झालीच नसती तर बरे, असे सांत्वन करणाऱ्यांचे म्हणणे झेली यांना मान्य नव्हते.

उरलेल्या पाचही मुली धर्मभगिनी झाल्या. त्यांपैकी लेओनी ही अवघड स्वभावाची. शाळेत तिचे जमेना, घरी ती ऐकेना. एका मोलकरणीने तिला धाकाने आपल्या मुठीत ठेवले होते, हे आईला फार उशिरा, अखेरच्या आजारपणात समजले. मठात टिकण्याचे लेओनीचे तीन प्रयत्न फसले. १८९९ मध्ये चौथ्यांदा ती कां शहरातील मठात गेली आणि तेथेच राहिली.

आजारपण आणि मृत्यू

झेली यांना स्तनाचा कर्करोग झाला. जून १८७७ मध्ये त्यांनी लूर्दची यात्रा केली, परंतु उतार पडला नाही. त्या गेल्या तेव्हा तेरेजा चार वर्षांची होती. लुई मुलींना घेऊन झेलींच्या भावाच्या आधाराने लिझ्यूला राहिले. उतारवयात त्यांना मानसिक आजाराने ग्रासले आणि १८८९ पासून सुमारे तीन वर्षे ते कां येथील मनोरुग्णालयात होते. मुली मठात गेल्यामुळेच वडिलांची ही दशा झाली, अशी कुजबुज गावात होत असे.

संतपद

१९ ऑक्टोबर २००८ रोजी लिझ्यू येथे त्यांना धन्य घोषित करण्यात आले. संतपदाचा सोहळा कुटुंब या विषयावरील बिशपांची धर्मपरिषद रोममध्ये भरलेली असतानाच झाला. संतांचा सण बहुधा त्यांच्या मृत्युदिनी येतो. या दोघांचा सण मात्र १२ जुलै रोजी, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवशी असतो.