रंजनाची शाळा : शिकागो, मुंबई, पेण

रोह्यात काही ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एकदा मातीकामाचा गट घ्यायचे मी कबूल केले. पेणहून शाडूची माती आणली, प्रत्येकापुढे सारखा गोळा ठेवला आणि म्हटले, छोटा गणपती करू या. पक्षाघाताने उजवा हात लुळा पडलेले एक काका दहाव्या मिनिटाला उठून गेले. चूक माझी होती. रंजन म्हणजे वेळ घालवणे आणि ते कुणालाही घेता येते, हा समज त्या दिवशी गळून पडला. ही विद्या लोक शिकले तरी कुठे, याचा शोध तिथून सुरू झाला.

शिकागोत जेन ॲडम्स आणि एलेन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये हल हाऊस उभे केले. स्थलांतरित कामगारांच्या वस्तीत राहून काम करणारी ही संस्था. १९२०च्या दशकात तिथे नेव्हा बॉइड यांनी रंजनकार्यकर्त्यांची शाळा चालवली. लोकखेळ, नाच, नाट्य हे तिथले विषय. विद्यार्थ्याने आधी स्वतः खेळायचे, गट घ्यायचा तो त्यानंतर. नाट्यखेळांची पद्धत पुढे रुजवणाऱ्या व्हायोला स्पोलिन याच शाळेच्या विद्यार्थिनी. बॉइड यांनी पुढे मनोरुग्णालयांतही खेळ नेले.

आपल्याकडे याच्या जवळचा प्रवाह आला तो व्यवसायोपचाराच्या, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीच्या रूपाने. मूळच्या अमेरिकन क्वेकर एलिझाबेथ लंडी १९३० मध्ये विष्णू निंबकरांशी विवाह करून कमला निंबकर झाल्या. फिलाडेल्फियात त्यांनी या विषयाचे शिक्षण घेतले आणि १९५० मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात देशातील पहिली व्यवसायोपचार शाळा सुरू केली. रंजन आणि व्यवसायोपचार एक नव्हेत. परंतु दोन्हींत गट घेणाऱ्याला एक गोष्ट शिकावीच लागते, ती म्हणजे कामाचे टप्पे पाडणे. या टप्प्याला कोणते बोट लागते, किती वेळ बसावे लागते, किती लक्ष लागते, हे आधी पाहायचे आणि मग माणसाला झेपेल तो टप्पा त्याच्या हाती द्यायचा.

हे वाचल्यावर पेणच्या कारखान्यांकडे मी नव्याने पाहिले. तिथे एक जण माती मळतो, दुसरा ती साच्यात दाबतो, तिसरा जोड बुजवतो, कुणी ओल्या कुंचल्याने अंग गुळगुळीत करतो, कुणी रंग देतो. डोळ्यांची आखणी सरावलेल्या हाताकडेच. पण मळणाऱ्यालाही मूर्ती आपलीच वाटते. निंबकरबाई शिकवत ती टप्प्यांची दृष्टी या कारखान्यांत रोजच्या व्यवहारात मुरलेली आहे; फक्त तिथे तिला उपचार म्हणत नाहीत.

पुढच्या खेपेस मी काकांच्या घरी गेलो. दोन वेळा त्यांनी नाही म्हटले. तिसऱ्यांदा आले, ते केवळ बघायला. मी मळायची माती त्यांच्या डाव्या हाताशी सरकवली. मूर्ती सहा जणांनी मिळून एकच करायची होती. माती सैल झाली आहे हे त्यांनीच ओळखले, आणि कोरडी माती किती मिसळायची तेही सांगितले.

हल्ली कुणाला कोणते काम द्यायचे ते काका ठरवतात. मी बहुतेक वेळा मळायला बसतो.