धुराच्या नळीतील प्लॅटिनम

नागपूरहून पूर्वेकडे निघालेला हमरस्ता दुर्ग ओलांडून भिलईत शिरतो. जिथली पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली, ती ही पोलादनगरी. लोखंड तापविणे, वळविणे, जोडणे ही विद्या येथील कितीतरी कुटुंबांच्या उपजीविकेची. तेव्हा एखाद्या हौशी गृहस्थाने जुन्या पेट्रोल जीपचे रूप पालटायचे ठरविले, तिची धुराची नळी नव्याने घडवून घ्यायचे मनात आणले, तर कुशल हातांची वाण येथे पडू नये. खरा प्रश्न पुढेच आहे. त्या नळीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर कोणता बसवावा? बाजारात सुटे कन्व्हर्टर मिळतात, स्वस्त आणि महागही. आणि बाहेरून पाहावे तर सारे सारखेच पोलादी डबे!

या प्रश्नाचे उत्तर शोधायचे तर त्या डब्याच्या इतिहासाकडे वळले पाहिजे. हा डबा एकट्याने काम करीत नाही, हा धडा त्या इतिहासाने एकदा नव्हे, तीनदा शिकविला आहे.

पहिला धडा इंधनाचा. यूजीन हूद्री हा फ्रेंच अभियंता अमेरिकेत जाऊन स्थायिक झाला होता. उत्प्रेरकाच्या साहाय्याने जड तेलापासून उत्तम पेट्रोल काढण्याची त्याची रीत दुसऱ्या महायुद्धात फार उपयोगी पडली. पुढे लॉस एंजलिसच्या डोळे चुरचुरविणाऱ्या धुरक्याचे मूळ मोटारींच्या धुरात आहे असे हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञाने दाखवून दिले. जो उत्प्रेरक पेट्रोल घडवितो, तोच त्याच्या धुराचे शुद्धीकरण का करणार नाही, असा विचार हूद्रीने केला, आणि १९५६ साली त्याला अशा यंत्राचे पेटंट मिळाले. परंतु इंजिनातील ठोका थांबविण्यासाठी १९२३ पासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळले जात असे. ते शिसे उत्प्रेरकावर बसे आणि थोड्याच काळात त्याला निकामी करी. औषध सिद्ध झाले होते, पण अन्नातच विष कालविलेले होते. हूद्री १९६२ साली निवर्तला; आपले यंत्र घरोघरच्या मोटारींत गेलेले त्याला पाहावयास मिळाले नाही. अमेरिकेत १९७० चा कायदा झाला, १९७४ साली पंपांवर शिसेविरहित पेट्रोल आले, आणि मगच १९७५ च्या मोटारींत कन्व्हर्टर बसले. चुकूनही शिशाचे पेट्रोल भरले जाऊ नये म्हणून या मोटारींच्या टाकीचे तोंडसुद्धा अरुंद ठेवण्यात आले होते!

दुसरा धडा हवेच्या मिश्रणाचा. पहिले कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड आणि न जळलेले इंधन यांना प्राणवायू देऊन निरुपद्रवी करीत. नायट्रोजनच्या ऑक्साइडांतून मात्र प्राणवायू काढून घ्यावा लागतो, म्हणजे काम नेमके उलटे. प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम यांचा मेळ घालून दोन्ही कामे एकाच डब्यात साधली. पण एक भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, हे प्रमाण इंजिनाने सांभाळले तरच. त्यासाठी नळीत प्राणवायू मोजणारा संवेदक आला. व्होल्व्हो कंपनीने १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही जोडी प्रथम रस्त्यावर आणली.

तिसरा धडा आपल्या देशातला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे १ एप्रिल १९९५ पासून दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर आवश्यक ठरला आणि शिसेविरहित पेट्रोलही तेथे आले. भिलई त्या चौघांत नव्हती. मुंबईत घेतलेली नवी मोटार महानगराबाहेर नेऊन जो शिशाचे पेट्रोल भरी, तो आपल्या हातांनी तिच्या कन्व्हर्टरचा घात करी. फेब्रुवारी २००० मध्ये देशभरातील शिशाचे पेट्रोल बंद झाले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात छत्तीसगढ राज्य जन्माला आले, हा एक योगायोग.

या तिन्ही धड्यांतून निवडीची कसोटी आपोआप हाती येते. डबा विकत घेण्यापूर्वी इंजिन पाहावे. जे इंजिन तेल जाळते किंवा ज्याची ठिणगी चुकते, ते उत्तम कन्व्हर्टरचीही माती करील: तेलातील फॉस्फरस उत्प्रेरकावर थर चढवितो, आणि न जळलेले पेट्रोल आत पेटून त्याची जाळी वितळविते. कार्ब्युरेटरच्या जुन्या जीपला त्रिमार्गी डबा लावून, संवेदक व नियंत्रण नसताना, तिन्ही वायू शुद्ध होतील ही आशा व्यर्थ आहे. डब्याचा आकार इंजिनाच्या क्षमतेला साजेसा असावा. काम सुरू होण्यास त्याला सुमारे २५० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णता लागते. म्हणून सोयीसाठी तो मागे ढकलणे म्हणजे प्रत्येक फेरीची पहिली काही मिनिटे धूर तसाच सोडणे होय. आणि फार स्वस्त डब्यात मौल्यवान धातू किती असेल, हे किमतीवरूनच ताडावे. युरोपीय आर्थिक आयोगाच्या १०३ क्रमांकाच्या नियमानुसार मान्यता मिळालेला डबा, तोही आपल्या इंजिनासाठी नमूद केलेला, हा अधिक भरवशाचा. केवळ पीयूसी प्रमाणपत्रावर विसंबू नये. पेट्रोल गाडीच्या त्या तपासणीत नायट्रोजनची ऑक्साइडे मोजलीच जात नाहीत. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मूळ नोंदीशी विसंगत फेरफारांना मनाई करते. तेव्हा कामाला हात घालण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारणा करणे शहाणपणाचे.

रूपांतरित गाडीचा आवाज, तिची ऐट, तिचा वेग यांचा आनंद मालकाचा असतो. तिच्या नळीतून जे बाहेर पडते ते मात्र मागून सायकलवर पाळी संपवून घरी निघालेल्या कामगाराच्या छातीत जाते. डबा निवडताना हिशेब त्याच्याही श्वासाचा करावा, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.